एका खोलीत किती शास्त्रं मावतात

उद्या सकाळी गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात कोणी गाळा भाड्याने घेतला आणि वर ‘इंटिरिअर डिझायनर’ अशी पाटी लावली, तर त्याला अडवणारा कायदा आपल्या देशात नाही. डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते, आर्किटेक्टला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नाव नोंदवावं लागतं. घराच्या आतल्या बाजूला हात घालणाऱ्याकडे मात्र सरकार कसलाच परवाना मागत नाही. तरीही दहावी-बारावी झालेली मुलं ‘सर्टिफाइड इंटिरिअर डिझायनर व्हायचं तर काय करावं लागतं’ असं विचारतात. विचारावंच त्यांनी. त्या सर्टिफिकेटमागे उभा असलेला अभ्यास एकदा नीट पाहिला, की थक्क व्हायला होतं. पडदे, सोफे, भिंतीचा रंग हा त्याचा सर्वांत वरचा, सगळ्यांना दिसणारा थर. त्याखाली माणसाच्या कोपराची उंची आहे, लाकडाचं फुगणं आहे, चुन्याचं रसायन आहे, उजेडाला सरावणारा डोळा आहे. आणि या सगळ्याचे धडे पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतल्या जुन्या घरांत आणि देवळांच्या भिंतींवर पूर्वीपासून मांडून ठेवलेले आहेत.

कायद्याचा भाग आधी उरकून घेऊ. आर्किटेक्ट्स अॅक्ट आला १९७२ साली. त्याच वर्षी मुंबईत इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स ही व्यावसायिकांची संस्था स्थापन झाली. ती सभासद करून घेते, परवाना देत नाही. पुढे १७ मार्च २०२० रोजी, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर विरुद्ध मुकेश गोयल या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९७२चा कायदा ‘आर्किटेक्ट’ या उपाधीचं रक्षण करतो, ते काम दुसऱ्या कोणी करण्यावर बंदी घालत नाही. घराच्या अंतर्भागाची रचना करणाऱ्याच्या उपाधीला तर तेवढंही कुंपण नाही. अमेरिकेत १९७४पासून एनसीआयडीक्यू नावाची प्रमाणपत्राची व्यवस्था आहे. पदवी घेतलेल्या माणसालाही ३५२० तासांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो, तीन भागांची परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेत रंगसंगतीपेक्षा आगीच्या वेळी माणसं बाहेर कशी पडतील याला जास्त महत्त्व असतं. काही राज्यांत ठरावीक कामांसाठी कायदाच हे प्रमाणपत्र मागतो.

आपल्याकडे मग ‘सर्टिफाइड’ म्हणजे काय? तुम्ही शिकलात ते दुसऱ्या कोणी तपासून पाहिलं आहे, इतकाच त्याचा अर्थ. तिथे पोचायचे रस्ते अनेक आहेत. दहावीनंतर आयटीआयमध्ये ‘इंटिरिअर डिझाइन अँड डेकोरेशन’ हा एक वर्षाचा ट्रेड केंद्र सरकारच्या अभ्यासक्रमात आहे, आणि त्याच्या शेवटी राष्ट्रीय ट्रेड सर्टिफिकेट मिळतं. पेडणे आणि डिचोली, दोन्हीकडे सरकारी आयटीआय आहेत. कोणता ट्रेड कुठल्या संस्थेत चालू आहे ते त्या त्या वर्षीच्या प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत पाहावं लागतं. बारावीनंतर चार वर्षांची बी.डेस. पदवी आहे. तिच्यासाठी आयआयटी मुंबई यूसीड ही प्रवेश परीक्षा घेते. पणजीच्या आल्तिनोवर १९८२पासून गोवा कॉलेज ऑफ आर्किटेक्चर आहे. तिथे पाच वर्षांचा बी.आर्क. केला की पूर्ण इमारतीचं शिक्षण होतं, आणि पुढे अनेकजण इमारतीच्या आतलंच काम निवडतात. खाजगी संस्थांचे सहा महिन्यांचे, वर्षाचे कोर्स तर गल्लोगल्ली आहेत. त्यांत प्रवेश घेण्याआधी माझं एकच सांगणं: तिथे मोजमाप घ्यायला प्रत्यक्ष साइटवर नेतात का, ते विचारा. नेत नसतील तर पैसे भरू नका.

कारण हे शास्त्र सुरू होतं तेच मोजपट्टीपासून.

जिन्याची गोष्ट घ्या. सतराव्या शतकात फ्राँस्वा ब्लाँदेल नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाने माणसाच्या चालण्यावरून जिन्याचा हिशोब मांडला. पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची रुंदी ही बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी आली पाहिजे. आज ती साधारण ६० ते ६४ सेंटिमीटर धरतात. आता भारताचा २०१६चा नॅशनल बिल्डिंग कोड उघडा. राहत्या घरात पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर. दोनदा १९ अधिक २५. उत्तर ६३! साडेतीनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये मांडलेला हिशोब आज डिचोलीतल्या दुमजली घराच्या जिन्यात बसलेला आहे, आणि घरातल्या कोणालाही त्याचा पत्ता नाही. पाय मात्र तो हिशोब पक्का ओळखतात. जिना चढताना आपण पायऱ्यांकडे बघत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच शरीराने उंची टिपलेली असते आणि पुढचं पाऊल त्याच बेताने पडतं. म्हणूनच एखादी पायरी दोन सेंटिमीटरने चुकली तर माणूस तिथेच ठेचकाळतो. फरशी नव्याने घालताना वरच्या किंवा खालच्या पायरीची उंची बदलून जाते, आणि हे मिस्त्रीच्या लक्षात आलं नाही तरी डिझायनरच्या लक्षात यावंच लागतं.

स्वयंपाकघराकडे वळलं की हा मोजण्याचा ध्यास आणखी नवलाचा होतो. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातल्या कामगारवस्त्यांसाठी स्वयंपाकघर रचलं. जागा जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर. बाईमाणूस चुलीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून फळीपर्यंत किती पावलं टाकते, त्यात किती वेळ जातो, याच्या अभ्यासावर ती रचना उभी होती. असली सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बसवली गेली. आज ज्याला आपण ‘मॉड्युलर किचन’ म्हणतो त्याची पणजी हीच.

पण ते माप जसंच्या तसं इथे आणलं तर चालत नाही, आणि खरा अभ्यास इथेच लागतो. ओट्याची उंची उभ्या माणसाच्या कोपराखाली साधारण १० ते १५ सेंटिमीटर असावी. युरोप-अमेरिकेतला ९० सेंटिमीटरचा ओटा आपल्याकडच्या पाच फूट उंचीच्या बाईला खांदे उचलून वापरावा लागतो. भारतीय शरीरांची मापं वेगळी आहेत म्हणून अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली देवकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक प्रसिद्ध केलं. डिझायनरच्या टेबलावर ते असावंच. त्यापुढे गोव्याचे म्हणून काही प्रश्न येतात जे कुठल्याच पुस्तकात नाहीत. नारळ कुठे खोवायचा? आदोळीवर, म्हणजे खोवणीच्या विळीवर, बसून खोवायचा असेल तर जमिनीवर ऐसपैस जागा हवी, पाठीमागे भिंत हवी. मासळी कुठे साफ करायची? जुन्या घरात ते काम मागीलदारी होत असे, पाणी थेट माडाच्या मुळाशी जाई, मांजर जवळ घुटमळत असे. फ्लॅटमध्ये मागीलदार नाही. मग कोरड्या बाल्कनीत वेगळी मोरी, तिला मोठ्या तोंडाचा निचरा, आणि खवले पाइपात जाणार नाहीत अशी जाळी. हा प्रश्न पहिल्याच भेटीत न विचारणाऱ्या डिझायनरच्या सुंदर किचनमध्ये रोज दुपारी मासळीचा वास कोंडून राहतो.

दिव्यांचंही तसंच. स्वस्त एलईडीखाली लाल रंग मलूल दिसतो, कारण त्या उजेडात लाल लहरींचा भाग कमी असतो. बांगड्याच्या कल्ल्याचा लाल रंग बघून मासळी ताजी की शिळी हे ठरवणाऱ्या घरात मोरीवरचा दिवा रंग खरे दाखवणाराच हवा. त्याचं मोजमाप दिव्याच्या खोक्यावर ‘सीआरआय’ म्हणून छापलेलं असतं. शंभराच्या जितकं जवळ तितकं चांगलं, आणि ९०च्या वरचा दिवा घेतला तर रंगांची फसगत होत नाही. दिव्याचं बटण निवडताना आणखी एक गोष्ट ठरते, जी दिसत नाही पण जीव वाचवते. विजेच्या पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा स्विच, बसवला, तर वीज गळणाऱ्या गिझरला ओल्या हाताने शिवल्यावर सेकंदाच्या छोट्याशा अंशात वीज तुटते. हे काम वायरमनचं, पण तो बसवायचा की नाही हे नकाशावर लिहिलेलं असलं पाहिजे, आणि ते लिहिणं डिझायनरचं काम.

नकाशांमध्ये मला सर्वांत अद्भुत वाटतो तो छताचा नकाशा. त्याला ‘रिफ्लेक्टेड सीलिंग प्लॅन’ म्हणतात. छत वर असतं, नकाशा मात्र खालून वर पाहिल्यासारखा काढला तर उजवं डावं होऊन बसतं. म्हणून जमिनीवर आरसा अंथरला आहे अशी कल्पना करायची, आणि त्या आरशात छत जसं दिसेल तसं कागदावर उतरवायचं. दिवे, पंखे, तुळया, सगळं. मग तो कागद जमिनीच्या नकाशावर ठेवला की दिवा बरोबर टेबलाच्या वर येतो की नाही ते कळतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे डोक्यात बसायला वेळ लागतो. पण गोव्यातल्या मुलाने छताकडे पाहून रचना करणं लहानपणापासून पाहिलेलं असतं, कारण चवथीला घरोघरी माटोळी बांधली जाते.

माटोळी म्हणजे गणपतीच्या वर छताला टांगलेली लाकडी चौकट. तिला फळं, फुलं, रानातल्या वेली बांधायच्या. नारळांची जोडी, सुपारीची शिपटी, केळीचा घड, तोरिंग, आंबाडे, कवंडळ, लालबुंद कांगलां, चिबूड, तवशें. चवथीच्या आधी डिचोलीच्या बाजारात माटोळीचं सामान विकायला येतं, आणि रानात फिरणारी माणसं अशा वनस्पती घेऊन येतात ज्यांची नावं शहरातल्या मुलांनी ऐकलेलीही नसतात. राज्याचं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं. या रचनेत डिझायनरला लागतं ते सगळं आहे. वजन कुठे पेलायचं: न सोललेले नारळ किलो-किलोचे, ते कडेला, जिथे चौकट दोरीने वाशाला धरलेली असते. मधोमध हलकं. डावी-उजवीकडचा तोल. रंग: कवंडळाचा केशरी, सुपारीचा पिवळा, कांगलांचा तांबडा, आंब्याच्या टाळ्याचा हिरवा. उंची अशी की आरती करणाऱ्याच्या डोक्याला लागू नये आणि मूर्तीवर सावली पडू नये. शिवाय एक गोष्ट कोणत्याही शोरूममध्ये मिळणार नाही: ही सजावट बदलत जाते. दीड दिवसाच्या गणपतीत फारसं कळत नाही, पण सात किंवा नऊ दिवस गणपती असेल तर केळी पिकतात, फळं रंग पालटतात, खोलीचा वास रोज वेगळा होतो. कुठल्या क्रमाने काय पिकेल हे बांधणाऱ्याला ठाऊक असतं आणि त्या बेताने तो फळ निवडतो. काळ लक्षात घेऊन केलेली ही अंतर्रचना आहे. मला विचाराल तर या दोन तालुक्यांतल्या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या माटोळीचा छतनकाशा काढावा, प्रत्येक वस्तूचं नाव, वजन आणि बांधायची जागा लिहून. अर्जासोबत जोडायला याहून चांगलं काम मला सुचत नाही.

आता पाऊस. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मुंबई-दिल्लीच्या कॅटलॉगमधलं फर्निचर इथे जूनमध्ये परीक्षेला बसतं. दार अडतं, कपाटाची मागची फळी फुगते, चामड्याच्या चपलेवर बुरशी येते. याचं कारण लाकडाच्या अंगात आहे. लाकूड दमट हवेत पाणी पितं आणि फुगतं, पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. लांबीला ते जवळजवळ वाढत नाही, रुंदीला वाढतं. आपल्या जुन्या सुतारांना हे पक्कं माहीत होतं. फणसाचं किंवा सागाचं जुनं तावदानी दार नीट पाहा. बाहेरची चौकट सांध्याने घट्ट बांधलेली, पण मधली फळी कुठेही खिळ्याने ठोकलेली नाही. ती चौकटीच्या खाचेत सैल बसवलेली असते. पावसाळ्यात ती खाचेत पसरते, वैशाखात आकसते, आणि चौकट तशीच राहते. फळीच्या कडेला जरा बोट लावून ढकललं तर ती किंचित हलते. ते हलणं म्हणजे कामातली हयगय आहे असं समजून नव्या मालकाने तिथे डिंक भरला, की पाऊस सरून आकसताना फळी उभी फाटते.

प्लायवूडमध्ये हाच प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने सोडवलेला आहे. पातळ पापुद्रे एकमेकांना आडवे-उभे चिकटवतात, म्हणजे एकाचं फुगणं दुसरा रोखून धरतो. पापुद्र्यांची संख्या नेहमी विषम, तीन, पाच, सात, म्हणजे दोन्ही बाजूंची ओढ सारखी राहते आणि फळी वाकत नाही. पण सगळी भिस्त शेवटी चिकटवणाऱ्या डिंकावर. म्हणून भारतीय मानक ७१०च्या मरीन प्लायचा नमुना ७२ तास पाण्यात उकळून मग सांधा तपासतात. तीन दिवस उकळत ठेवलेलं लाकूड! मोरीखालच्या कपाटासाठी, बाथरूमशेजारच्या भिंतीसाठी हाच वापरावा. फळीवरचा शिक्का वाचता येणं हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, आणि दुकानदाराने ‘हा पण तसलाच’ म्हटल्यावर शिक्का दाखव म्हणणं हा हिमतीचा. कपाट बाहेरच्या भिंतीला अगदी टेकवायचंही नाही, मागे दोन बोटं हवा खेळू द्यायची.

कारण इथली भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची असते, आणि चिरा भोकाभोकांचा असतो. तो पाणी आत घेतो आणि बाहेर सोडतो. जुन्या घरांना चुन्याचा गिलावा होता. त्यातून ओल वाफ होऊन निघून जाई. आता त्याच भिंतीवर प्लॅस्टिकचा चकचकीत रंग दिला की ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत रंगाचे फुगे येतात. मग घरमालक रंगाच्या कंपनीला दोष देतो. चूक भिंतीची प्रकृती न ओळखता रंग निवडण्यात झालेली असते.

चुन्याची हकिगत ऐकण्यासारखी आहे. इथला चुना शिंपल्यांचा, आणि शिंपले कॅल्शियम कार्बोनेटचे. ते भट्टीत सुमारे ९०० अंशांना भाजले की त्यांतून कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो उकळतो, फुलतो आणि लोणी होतो. हा चुना भिंतीवर चढवला की दुधावर साय धरावी तसा वरून एक पातळ थर धरतो, आणि मग हळूहळू, महिने, वर्षं, हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेत राहतो. शेवटी भिंतीवर जे तयार होतं ते पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट. समुद्रातल्या जिवाने स्वतःभोवती बांधलेलं घर भट्टीतून, खड्ड्यातून, थापीखालून जाऊन माणसाच्या घरावर परत तेच होऊन बसतं.

या चुन्यावर पेडण्यात आणि डिचोलीत जी कला झाली ती कावी. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात आणि डिचोलीतल्या अडवलपालला ती पाहायला मिळते. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा पातळ थर द्यायचा, आणि तो ओला असतानाच लोखंडी टोचणीने नक्षी कोरायची. जिथे खरवडलं तिथे खालचा पांढरा उघडा पडतो. रंग भरायचा नाही, काढून टाकायचा. जवळ जाऊन तिरक्या उजेडात पाहिलं तर पांढरी रेघ किंचित खाली दबलेली दिसते, आणि तांबडा भाग बोटाच्या नखाइतकाही नसलेल्या जाडीने वर. चुना वाळायच्या आत काम संपवायचं, म्हणून एका दिवसात पुरं होईल एवढाच तुकडा. चुकीची रेघ पुसता येत नाही. आणि रंग टिकला कसा? ताजा चुना इतका तिखट असतो की पानाफुलांचे बहुतेक रंग त्यात मरून जातात. काव म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, त्याला ना चुना खातो ना ऊन. डिचोलीच्या डोंगरांतून ज्यासाठी इतक्या खाणी निघाल्या तेच लोखंड, भिंतीवर फुलवेल होऊन उभं.

खिडक्यांकडे तर मी पुनःपुन्हा वळते. काच दुर्मीळ होती तेव्हा गोव्यातल्या घरांना शिंपल्यांची तावदानं बसवत. लाकडी चौकटीच्या खाचांत तळहाताएवढे चपटे शिंपले एकाशेजारी एक. उजेड आत येतो, पण ऊन डोळ्यांत घुसत नाही. तो मऊ, मोतिया होऊन खोलीभर पसरतो. हा शिंपला प्लाकुना प्लासेंटा जातीचा. त्याची वस्ती झुआरीच्या मुखाजवळच्या चिखलीच्या खाडीत आजही आहे. २०१४ साली एमआयटीतल्या लिंग ली आणि ख्रिस्तीन ऑर्टिझ यांनी या शिंपल्याचा अभ्यास ‘नेचर मटेरियल्स’मध्ये प्रसिद्ध केला. शिंपला जवळजवळ ९९ टक्के कॅल्साइटचा, म्हणजे ठिसूळ खनिजाचा, तरी तो सहज फुटत नाही. मार बसला की सूक्ष्म स्फटिकांची रचना बसल्या जागी वळते, आघात तिथेच जिरतो, तडा पसरत नाही. आणि तरी त्यातून सुमारे ८० टक्के उजेड पार जातो. पारदर्शक चिलखत करता येईल का, या प्रश्नासाठी शास्त्रज्ञ ज्या शिंपल्यापाशी गेले तो आपल्या आजी-पणजीच्या खिडकीत होता.

घराची मांडणी हे याहून मोठं प्रकरण आहे. पेडण्यातला देशप्रभूंचा वाडा अनेक चौकांचा. साध्या भाटकाराच्या किंवा कुळागरवाल्याच्या घरातही एक राजांगण असतं, मध्ये तुळस, भोवती पडवी. बाहेर डोळे दिपवणारं ऊन. माणूस आधी सोप्यावर येतो, मग अर्ध्या उजेडाच्या वसरीत, मग आतल्या अंधाऱ्या माजघरात. डोळ्याला उजेडातून अंधारात सरावायला वेळ लागतो, आणि घर तो वेळ पावलापावलाने देतं. चौकात तापलेली हवा वर चढते, तिच्या जागी खालच्या सावलीतली हवा खोल्यांतून ओढली जाते. आज बंगल्यात दार उघडलं की थेट हॉल, आणि त्या हॉलमध्ये दिवसाढवळ्या दिवे लावावे लागतात, कारण बाहेरच्या प्रकाशाशी डोळ्याचा मेळ बसत नाही.

हे सांगायची आत्ताच निकड आहे. मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं, ५ जानेवारी २०२३पासून विमानं सुरू झाली, आणि पेडणे तालुक्यात बंगले, हॉटेलं, भाड्याची घरं झपाट्याने उभी राहत आहेत. बाहेरून येणारा गिऱ्हाईक ‘गोवन लूक’ मागतो. त्याच्या मनात असतं ते सासष्टी-बार्देशातलं बलकांव म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, रंगीत भिंती, निळ्या-पांढऱ्या फरश्या. पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. त्याआधी इथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. इथलं घर आतल्या चौकाभोवती जमलेलं आहे, रस्त्याकडे तोंड करून मिरवणारं नाही. इथल्या भिंतीचा रंग काव आहे. तेरेखोल नदी ओलांडली की सावंतवाडीची चितारआळी, तिथल्या लाखकामाचे पाट आणि पाळणे. पेडण्यात बांधलेल्या घराला हे सगळं हाताशी असताना सासष्टीची उसनवारी करणं मला पटत नाही, आणि इथे शिकलेल्या मुलांनी गिऱ्हाइकाला हे समजावून सांगावं असं मनापासून वाटतं.

सर्टिफिकेट फक्त मुलांनाच असतं असंही नाही. ज्या सुताराने चाळीस वर्षं रंधा मारला त्याच्या हातातल्या ज्ञानाची तपासणी करून प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ म्हणून आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, गवंडी, कुंभार धरून १८ पारंपरिक व्यवसाय येतात. नोंदणी झालेल्या कारागिराला प्रमाणपत्र, ओळखपत्र, थोडं प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. डिप्लोमावाल्या मुलीने आणि या प्रमाणपत्रवाल्या बाप्याने एकत्र बसून दार काढलं, तर ते दार कसं होईल याची मला फार उत्सुकता आहे.

आणि ज्याला हे शिक्षण आजच, कुठेही नाव न घालता सुरू करायचं आहे त्याने पाच मीटरची टेप, एक वही आणि एक सोबती घ्यावा. गावातलं एखादं जुनं घर निवडावं, मालकाची परवानगी घ्यावी आणि एक खोली मोजावी. चारही भिंती मोजून भागत नाही, कारण जुन्या खोलीचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात. दोन्ही कर्ण मोजायचे. त्या दोन आकड्यांवरून कागदावर खोलीचा खरा, किंचित तिरका आकार उभा राहतो. मग खिडकीच्या उंबऱ्याची जमिनीपासूनची उंची, सोप्याच्या बैठकीची उंची, भिंतीची जाडी, दाराच्या फळीची रुंदी, पायरीची उंची दुप्पट करून अधिक रुंदी. भिंतीवर कावीचा तुकडा उरला असेल तर त्याचा फोटो, शेजारी टेप धरून, म्हणजे माप कळेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून घ्यायचं की या खोलीत कोण निजायचं, भात कुठे साठवायचे, बाळंतीण कुठे असायची, गणपती कुठल्या भिंतीला. सगळं एकास पन्नास या प्रमाणात कागदावर उतरवायचं, तारीख घालायची, आणि एक प्रत त्या घरच्यांना द्यायची. दुरुस्तीला मिस्त्री येईल तेव्हा ती त्याच्या हातात असलेली बरी.